रुमाल, दप्तर आणि ‘सी ड्राइव्ह’

कोलकाता हे कागदपत्रांचे शहर आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या कनिष्ठ लेखनिकांना ‘रायटर’ म्हणत. त्यांच्यासाठी अठराव्या शतकात उभारलेली रायटर्स बिल्डिंग पुढे बंगालच्या कारभाराचे केंद्र झाली आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये राज्य सचिवालय हुगळीपलीकडे हावड्यातील ‘नबान्न’मध्ये हलेपर्यंत तशीच राहिली. हिंदुस्थान सरकारचे ‘इम्पीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट’ ११ मार्च १८९१ रोजी याच शहरात स्थापन झाले. १९२६ मध्ये ते दिल्लीला गेले आणि स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय अभिलेखागार म्हणून ओळखले जाऊ लागले. याच बंगालचे थोर इतिहासकार सर जदुनाथ सरकार आणि महाराष्ट्राचे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचा स्नेह जुन्या कागदांच्या ओढीतून जुळला होता. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले. कापडी रुमालांत बांधलेले ते हजारो कागद शोधता आले, म्हणूनच मराठ्यांच्या इतिहासाला आधार मिळाला.

दप्तर आणि रुमाल या दोन मराठी शब्दांत कागद सांभाळण्याचे सारे शास्त्र आले आहे. एका विषयाचे कागद एका रुमालात आणि सगळे रुमाल दप्तरात. कागद ठेवण्याचा हेतू एकच, तो म्हणजे हवा तेव्हा तो सापडावा. ही कसोटी आजच्या संगणकाच्या कार्यप्रणालीला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला लावली, तर उत्तर फारसे समाधानकारक येत नाही. दररोज कोट्यवधी लोक ‘फाइल सापडत नाही’, ‘ड्राइव्ह वापरात आहे’, ‘हे नाव चालणार नाही’ असे संदेश वाचतात आणि आपलेच काहीतरी चुकले असावे असे समजून गप्प बसतात. हा दोष बहुतेक वेळा त्यांचा नसतो.

तज्ज्ञांचे यंत्र, सामान्यांच्या हाती

भारतातील पहिला अंकीय संगणक कोलकात्यातच आला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी उभारलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ च्या सुमारास ‘एचईसी-२एम’ हे यंत्र इंग्लंडहून आणले. छिद्रे पाडलेली कार्डे त्याला पुरवावी लागत आणि फिरत्या चुंबकीय पिंपावर त्याची इवलीशी स्मृती साठवलेली असे. आजच्या अर्थाने ऑपरेटिंग सिस्टिम त्याला नव्हतीच. पण ते यंत्र चालवणारे स्वतः अभियंते आणि सांख्यिकीतज्ज्ञ होते. यंत्राची भाषा शिकणे हे त्यांचे कामच होते.

आज तेच काम घरोघरी आले आहे. निवृत्तिवेतनाची पावती, मुदत ठेवीचा दाखला, विमा पॉलिसी, घराच्या कर्जाचे कागद, नामनिर्देशनाची पोच हे सारे आता संगणकात आणि मोबाइलमध्ये राहते. प्रत्येक ग्राहक नकळत स्वतःचा दप्तरदार झाला आहे. मात्र या नव्या दप्तरदाराला कोणी शिकवलेले नाही, आणि त्याच्या हाती दिलेले दप्तर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या तज्ज्ञांच्या सोयीने रचलेले आहे.

‘ए’ आणि ‘बी’ कुठे गेले?

नवा संगणक उघडणाऱ्याला पडणारा पहिला प्रश्न साधा असतो. मुख्य कप्प्याला ‘सी’ का म्हणतात? १९७० च्या दशकात गॅरी किल्डाल यांनी तयार केलेल्या ‘सीपी/एम’ या प्रणालीत फ्लॉपी डिस्कच्या खाचांना ए, बी अशी अक्षरे होती. १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या डॉस प्रणालीने तीच पद्धत उचलली. बहुतेक यंत्रांना एक किंवा दोन फ्लॉपी असत. १९८३ च्या ‘एक्सटी’ या संगणकात १० एमबीची हार्ड डिस्क बसवली गेली आणि तिला पुढचे अक्षर मिळाले ते ‘सी’. फ्लॉपी इतिहासजमा झाली, पण अक्षर मागे राहिले. घर रिकामे करून गेलेल्या भाडेकरूंच्या नावाच्या पाट्या दारावर तशाच राहाव्यात, तसा हा प्रकार.

नुसती पाटी राहिली असती तर बिघडले नसते. अडचण येते ती पेन ड्राइव्ह लावताना. आज त्याला ‘ई’ अक्षर मिळते. उद्या आधी दुसरे काही जोडलेले असले तर तोच पेन ड्राइव्ह ‘एफ’ होतो, आणि काल ज्या मार्गाने फाइल उघडली तो मार्ग आज ‘अस्तित्वात नाही’ असे उत्तर देतो. वस्तू तीच, कागद तोच, पण बिऱ्हाड बदलले. लिनक्स आणि मॅक या प्रणालींत अशी अक्षरे नाहीत. तिथे सगळे कप्पे एकाच झाडाच्या फांद्यांसारखे जोडले जातात. पण त्यांचेही हट्ट आहेत. लिनक्समध्ये इंग्रजी लहान आणि मोठ्या लिपीतील एकच नाव दोन वेगळ्या फाइलींना देता येते, आणि मॅकला विंडोजच्या ‘एनटीएफएस’ पद्धतीने तयार केलेली डिस्क वाचता आली तरी मुळात तिच्यावर लिहिता येत नाही. एका प्रणालीतून दुसरीत जाणारा माणूस मध्येच अडकतो.

नावात काय आहे?

भारतीय कार्यालयात पत्राचा जावक क्रमांक तिरप्या रेघेशिवाय पुरा होत नाही. तारीखही १५/८/२०२४ अशीच लिहिली जाते. हेच नाव फाइलीला देऊ गेल्यास संगणक ते नाकारतो. ती रेघ त्याने फोल्डरांची नावे वेगळी करण्यासाठी राखून ठेवली आहे. विंडोजमध्ये प्रश्नचिन्ह, तारका आणि अपूर्णविराम यांनाही मज्जाव आहे. ‘कॉन’, ‘ऑक्स’, ‘नल’ अशी काही इंग्रजी नावे तर उपकरणांसाठी राखलेली असल्याने फाइलीला मिळतच नाहीत. १९९५ च्या आधी फाइलीचे नाव आठ अक्षरांत आणि तिचा प्रकार तीन अक्षरांत बसवावा लागे. ते बंधन सुटले, परंतु फोल्डरात फोल्डर करत गेल्यास सगळा मार्ग मिळून २६० अक्षरांच्या आत ठेवण्याची जुनी मर्यादा अनेक प्रोग्रॅमना अजून अडवते.

देवनागरीत नाव देणाऱ्याची परीक्षा आणखी कठीण. युनिकोडमुळे आज ‘घरपट्टी पावती’ असे नाव फाइलीला देता येते ही मोठीच सोय आहे. पण अशा फाइली झिप करून दुसरीकडे पाठवल्या की काही वेळा नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची किंवा अनोळखी चिन्हांची रांग उमटते. कोलकात्यातून पुण्याला कागद पाठवणाऱ्या मराठी माणसाला आणि बांगला लिपीत नावे देणाऱ्या त्याच्या शेजाऱ्याला ही अडचण सारखीच येते. म्हणून दोघेही पुन्हा इंग्रजीकडे वळतात.

याच्याही पुढचा धोका लपवाछपवीचा आहे. विंडोज फाइलीच्या नावाचे शेपूट, म्हणजे तिचा प्रकार सांगणारी अक्षरे, मुळात लपवूनच ठेवते. पडदा सुटसुटीत दिसावा हा त्यामागचा विचार. मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या व्हायरसने याच सवयीचा फायदा घेतला. साध्या मजकुराची वाटणारी फाइल प्रत्यक्षात प्रोग्रॅम होती. आता तीच युक्ती मोबाइलवर खेळली जाते. लग्नपत्रिका किंवा बँकेची सूचना म्हणून आलेली फाइल ‘एपीके’ निघते आणि ती उघडणाऱ्याच्या खात्यावर संकट येते. जे दिसायला हवे ते न दाखवणे ही सोय म्हणता येणार नाही.

तोळा कोणता धरायचा?

दुकानातून एक टीबीची डिस्क आणली आणि संगणकाला जोडली की विंडोज ती ९३१ जीबीची असल्याचे सांगते. ग्राहकाला वाटते, मापात पाप झाले. वास्तविक डिस्क तेवढीच असते. कारखानदार एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो, तर विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि आजचा बोलीतला तोळा १० ग्रॅमचा, तशीच ही तफावत. मॅकने २००९ मध्ये दशमान मोजणी स्वीकारली. विंडोजने अजून ती स्वीकारलेली नाही. सराफाच्या पेढीवर एकाच काउंटरला दोन तोळे चालले तर ग्राहक हरकत घेईल. संगणकाच्या बाबतीत तो निमूटपणे घरी जातो.

असाच गोंधळ मोठ्या फाइलींचा. दुर्गापूजेत धुनुची नृत्याचे अर्ध्या-पाऊण तासाचे चांगल्या प्रतीचे चित्रण ४ जीबीच्या पुढे सहज जाते. ते ३२ जीबीच्या कोऱ्या पेन ड्राइव्हवर घेऊ जाता प्रणाली म्हणते, फाइल फार मोठी आहे. जागा तर भरपूर असते. पण अनेक पेन ड्राइव्हवर वापरलेल्या ‘फॅट३२’ या पद्धतीत फाइलीचा आकार लिहिण्याची जागाच इतकी लहान आहे, की ४ जीबी किंवा त्याहून मोठा आकडा तिच्यात मावत नाही. ‘एक्सफॅट’ या नव्या पद्धतीत ही अडचण उरत नाही. उपाय आहे, पण पडद्यावरील संदेश तो सांगत नाही. नकार द्यायचा आणि वाट दाखवायची नाही, अशी वागणूक एखाद्या कार्यालयातील खिडकीवर मिळाली असती तर तक्रारवही मागवली गेली असती.

माहीत असून न सांगणे

पेन ड्राइव्ह काढू पाहणाऱ्याला ‘हे उपकरण वापरात आहे’ असे उत्तर मिळते. कोण वापरत आहे? सगळ्या खिडक्या बंद केल्या तरी उत्तर तेच. शेवटी माणूस कंटाळून तो ओढून काढतो. लिहिण्याचे काम अर्धवट राहिले असेल तर त्यात फाइल खराब होते. २०१८ च्या एका आवृत्तीपासून विंडोज १० ने पेन ड्राइव्हवरील लिखाण साठवून न ठेवता लगेच उतरवण्याची पद्धत मुळातच लागू केली, हे बरे झाले. फाइल नेमकी कोणत्या प्रोग्रॅमने अडवून ठेवली आहे हे सांगणारे विनामूल्य साधनही मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये ‘पॉवरटॉइज’ या संचात दिले. ही माहिती प्रणालीजवळ होतीच, असा याचा अर्थ होतो. ती सामान्य माणसाला आपणहून सांगावी असे मात्र वाटले नव्हते.

फाइल पुसण्याचा प्रकार याहून गंभीर. जदुनाथ सरकारांचा ग्रंथसंग्रह पुढे ज्या राष्ट्रीय ग्रंथालयाला लाभला, त्या अलीपूरच्या ग्रंथालयाचे उदाहरण घेता येईल. एखाद्या पुस्तकाचे कार्ड सूचीच्या खणातून काढून टाकले, पण पुस्तक फडताळातच राहिले, तर काय होईल? वाचकाला वाटेल पुस्तक नाही. शोधणाऱ्याला ते मिळेल. हार्ड डिस्कवरून फाइल पुसल्यावर बहुधा हेच घडते. सूचीतील नोंद जाते आणि त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तसाच राहतो. कोलकात्याच्या चांदनी चौकात काय किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय, जुना संगणक विकताना ‘सगळे डिलीट केले आहे’ म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवे. उलट नव्या एसएसडी डिस्कवर पुसलेला मजकूर थोड्याच वेळात कायमचा नाहीसा होऊ शकतो, आणि पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल साधारणपणे रिसायकल बिनमध्ये जातच नाही. तात्पर्य असे, की जे जावे असे वाटते ते राहते आणि जे राहावे असे वाटते ते जाते. ‘डिलीट’ या एकाच शब्दाआड इतके वेगवेगळे अर्थ दडवणे हे आर्थिक कागदपत्रांच्या बाबतीत परवडणारे नाही.

आकाशातील दप्तर

या सगळ्यावर क्लाउड हा तोडगा सांगितला जातो. तो काही अंशी खराही आहे. डिस्क बिघडली तरी कागद वाचतात. पण नव्या व्यवस्थेने जुना प्रश्न नव्या रूपात आणला आहे. फोल्डरात फाइलीचे चिन्ह दिसते, प्रत्यक्ष फाइल मात्र दूरच्या सर्व्हरवर असते आणि इंटरनेट असेल तरच उतरते. २० मे २०२० रोजी आलेल्या अम्फान चक्रीवादळानंतर कोलकात्याच्या कित्येक भागांत काही दिवस ना वीज होती ना इंटरनेट. नेमक्या अशाच वेळी विम्याचा कागद हाताशी लागतो, आणि अशाच वेळी आकाशातील दप्तर उघडत नाही. शिवाय एका यंत्रावर पुसलेली फाइल जोडलेल्या सगळ्या यंत्रांवरून जाते. समक्रमण आणि सुरक्षित प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगायला कोणी पुढे येत नाही.

दुसरी बाजू

प्रणाली बनवणाऱ्यांचीही एक बाजू आहे आणि ती बँकेत काम करणाऱ्यांना चटकन पटेल. जुने प्रोग्रॅम चालत राहावेत म्हणून जुने नियम पाळावे लागतात. पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल आजच्या संगणकावर उघडते ती या चिकाटीमुळेच. बँकेच्या जुन्या नोंदी सांभाळताना या गुणाची किंमत कळते. ‘सी’ हे अक्षर उद्या काढून टाकले तर असंख्य प्रोग्रॅम कोलमडतील.

हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. जुना नियम ठेवणे ही गरज असेल, पण त्याचे ओझे वापरणाऱ्यावर टाकणे ही गरज नव्हे. तिरपी रेघ चालत नसेल तर तिच्या जागी आडवी रेघ सुचवता येते. फाइल मावत नसेल तर कारण आणि उपाय एका वाक्यात सांगता येतो. पेन ड्राइव्ह कोणी अडवला आहे त्याचे नाव दाखवता येते. यासाठी नवे शोध लागणार नाहीत. लागेल ती समोरच्या माणसाबद्दलची आस्था. आणि हे सारे मराठीत, बांगलात, ग्राहकाच्या भाषेत सांगता आले पाहिजे.

बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालये यांनीही या आरशात पाहायला हवे. ‘फाइल अपलोड होऊ शकली नाही’ एवढेच सांगणारे पान आणि मर्यादा, प्रकार व उपाय स्पष्ट सांगणारे पान यांत सेवेचाच फरक आहे. ग्राहकाला उतरवून घेता येणाऱ्या विवरणपत्राचे नाव आकड्यांची माळ नसून बँक, महिना आणि वर्ष सांगणारे असले, तर वर्षानंतरही ते सापडेल.

सापडावे म्हणून

प्रणाली सुधारेपर्यंत दप्तरदाराने चार सवयी लावून घेणे इष्ट. फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घालावा. म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. फाइलीचे शेपूट दिसेल अशी मांडणी करून घ्यावी आणि अनोळखी शेपटाला हात लावू नये. महत्त्वाच्या कागदांच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर. सायबर कॅफेत किंवा परक्या संगणकावर विवरणपत्र उतरवले तर ते ‘डाउनलोड्स’मधून आणि रिसायकल बिनमधूनही काढावे, त्याहून उत्तम, ते तिथे उतरवूच नये. विकायच्या संगणकातील डिस्क जाणकाराकडून पूर्ण पुसून घ्यावी.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोणता कागद कोठे आहे याची साध्या कागदावरील एक यादी घरातील विश्वासाच्या माणसाजवळ असावी. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे पोर्टल सुरू केले, ते दाव्याविना पडून राहिलेल्या ठेवी लोकांना शोधता याव्यात म्हणून. अशा ठेवींमागे अनेक कारणे असतात; वारसांना कागद न सापडणे हे त्यांतले एक. ज्याने फाइल ठेवली तो गेला, आणि तिची जागा त्याच्याबरोबर गेली, असे होता कामा नये.

पेशव्यांच्या दप्तरातील रुमाल बांधणाऱ्या कारकुनांना आपला कागद दोनशे वर्षांनी कोण वाचणार हे ठाऊक नव्हते. तरीही त्यांनी तो अशा रीतीने बांधला, की परक्या हातांनाही तो सोडवून वाचता आला. संगणकाच्या दप्तराने आपल्या मालकाला आणि त्याच्या माघारी त्याच्या मुलाबाळांना निदान तेवढी सोय द्यावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.